एकदा चाटलं की

गोठ्यावर तिला सगळे मावशी म्हणतात. मालक म्हणतात, जनावरांचे डॉक्टर म्हणतात, आणि यंत्रानं धारा काढणारा भोंगा तर दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. भोंगा हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्याला हळू बोलताच येत नाही, म्हणून ते पडलं. तो गोठ्याच्या एका टोकाला उभा राहून "मावशी" म्हणाला की दुसऱ्या टोकाच्या गाई कान टवकारतात. मावशीचं खरं नाव विचाराल तर चार जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तिला त्याचं काही वाटत नाही, निदान ती तसं म्हणते. फक्त एकदा नवा आलेला टँकरवाला तिला "आई, जरा बाजूला व्हा" म्हणाला, आणि ती बाजूला व्हायचंच विसरली. टँकर बिचारा घरघरत तसाच उभा राहिला.

तिचं काम नुकत्या जन्मलेल्या वासरांचं. वासरू बाहेर पडलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा. श्वास घेत नसेल तर गवताची काडी नाकात फिरवायची, म्हणजे ते शिंकतं, आणि शिंकलं की बहुतेक जगतं. बेंबीला औषध लावायचं आणि गाईच्या तोंडापुढे ठेवायचं. गाय चाटून चाटून त्याला कोरडं करते. मग चीक. पहिला चीक वेळेत पोटात गेला नाही तर पुढे काहीही पाजा, अंगी लागत नाही, असं मावशीचं म्हणणं. डॉक्टरांचंही तेच म्हणणं असल्यामुळे त्या दोघांचं बरं जमतं.

खालचा पेंढा कोरडा आहे का, हे ती हात लावून बघत नाही. सरळ गुडघे टेकून त्यात बसते. उठल्यावर गुडघे ओले झाले असतील तर सगळा पेंढा बदलायचा, मग भोंगा कितीही कुरकुरो. "हाताला ओल कळत नाही," ती म्हणते, "हात सारखे ओलेच असतात. गुडघ्याला विचारावं." त्यामुळे तिच्या कपड्यांवर गुडघ्यापाशी दोन डाग कायमचे बसलेत. ज्या वासराची आई आजारी असेल त्याला बादलीतून प्यायला शिकवायचं, तर ती दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात देते आणि ते चोखू लागलं की हात हळूहळू बादलीत खाली नेते. वासरांच्या खरखरीत जिभांनी ती दोन बोटं इतकी गुळगुळीत झालीत की फोन तिचं बोट ओळखत नाही. सगळ्या वासरांना ती एकाच नावानं हाक मारते. बाळा.

पण गोठ्यावर तिची खरी ख्याती आहे ती एका गाईचं वासरू दुसरीच्या गळ्यात घालण्याबद्दल. एखादीचं वासरू मेलेलंच निघतं, एखादीला दूध येत नाही. तेव्हा मावशी बिनआईचं वासरू उचलते, दुसऱ्या गाईच्या व्याल्यावर पडलेल्या वारेचं पाणी त्याला चोळते, पाठीवर मीठ आणि कोंडा भुरभुरते आणि ते तिच्या पुढ्यात सोडते. गाय आधी फुस्कारते, मग मिठाच्या लोभानं चाटायला लागते, आणि चाटता चाटता ते तिचं होऊन जातं. "एकदा चाटलं की झालं," मावशी म्हणते. या कामाचा एकच दंडक आहे. वासरू दुसरीला द्यायचं असेल तर पहिलीला ते अजिबात चाटू द्यायचं नाही. पोतं टाकून झाकून न्यायचं. पहिलीला कळायच्या आत.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं होतं, पण गोठ्यावर नव्हे.

लग्नानंतर तिला मुलगी झाली आणि लगेच ताप भरला. तो उतरायचं नाव घेईना. घरात दुसरं बाईमाणूस नाही, दूध नाही, तान्ही पोर भुकेनं रडतेय आणि नवरा डोक्याला हात लावून बसलेला. थोरल्या बहिणीला मूलबाळ नव्हतं. ताई आली, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "थोडे दिवस नेते. तू बरी झालीस की आणून देते." दारातून परत फिरली आणि तिनं दयेनं ते बाळ आजारी बहिणीच्या तोंडाशी धरलं. हिचे डोळे तापानं उघडत नव्हते. ओठांना त्या एवढ्याशा कपाळाची ऊब लागली, ती तेवढीच.

ती उठून हिंडायला लागली तोवर पोरगी रांगायला लागली होती. आणायला गेली तर पोर ताईच्या मांडीवरून उतरेना. हिनं उचलली तशी रडून निळी पडली. नवरा म्हणाला, राहू दे थोडे दिवस. ताई म्हणाली, हो, सवय होईपर्यंत थोडे दिवस. ते थोडे दिवस पोरीची शाळा संपली, नोकरी लागली, लग्न झालं तरी संपलेले नाहीत. मधल्या काळात नवरा गेला, दुसरं मूल झालं नाही, आणि ती या गोठ्यावर कामाला आली. पहिल्याच आठवड्यात इथल्या लोकांनीही तिला मावशी करून टाकलं.

लेकीपासून यातलं काही कुणी लपवलं नव्हतं. कळायला लागल्यापासून तिला सगळं ठाऊक होतं. लपवलेलं असतं तर एखाद्या दिवशी उघडकीला तरी आलं असतं, रडारड झाली असती, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं असतं. इथे उघडं पडायला काही झाकलेलंच नव्हतं. लेक ताईला आई म्हणायची आणि हिला मावशी. वर्षातून एकदोनदा यायची, फळं आणायची, तब्येत विचारायची, गोळ्या वेळेवर घेतेस ना म्हणायची. सगळं कसं रीतसर. मावशी वासरांना बाळा म्हणायची, पण लेकीला काय म्हणावं ते तिला कधी सुचलं नाही. "अगं" वर ती वेळ निभावून न्यायची.

लेकीला दिवस गेले आणि तेव्हापासून मावशीच्या जिवाला घोर लागला. तिला आई म्हणवून घ्यायचं नव्हतं. ती आस तिनं केव्हाच गुंडाळून ठेवली होती. तिला बाळंतपणाला बोलावणं हवं होतं. "ये" एवढंच. तिनं घरातली जुनी मऊ सुती कापडं काढली, उकळली, उन्हात वाळवली आणि घड्या करून पेटीत ठेवली. फोन वाजला की आधी हात पुसायची आणि मग उचलायची, जणू पलीकडून दिसणार होतं. फोन यायचे, पण खाद्यवाल्याचे. आपण होऊन विचारायचं तिच्या तोंडावर यायचं आणि ती परत गिळायची. ज्यानं दिलं त्यानं मागू नये, असं तिच्या मनानं कुठेतरी धरलं होतं.

त्याच दिवसांत तांबडीचं प्रकरण झालं.

तांबडी आणि काळी या दोन शेजारशेजारच्या कप्प्यांतल्या गाई एकाच सकाळी व्याल्या. काळीचं वासरू मेलेलं निघालं. तांबडीची कालवड धडधाकट निघाली, पण तांबडी स्वतः बसली ती उठेना. मान टाकली, कान गार पडले. डॉक्टर आले, शिरेतून औषध सुरू केलं आणि म्हणाले, सांगता येत नाही. मालक म्हणाले, वासरू काळीला लावा. काम नेहमीचंच होतं. मावशीनं पोतं घेतलं, कालवडीवर टाकलं, तिला उचललं आणि निघता निघता तांबडीकडे पाहिलं. तांबडीचे डोळे अर्धे मिटलेले होते. जगेल न जगेल.

आणि मावशीनं आपला दंडक आपल्याच हातानं मोडला. खाली बसली, पोतं बाजूला केलं आणि कालवडीचं तोंड तांबडीच्या तोंडाशी नेलं. तांबडीनं जीभ काढली आणि तिच्या कपाळावरून एकदा फिरवली. एकदाच; दुसऱ्यांदा फिरवायचं बळ नव्हतं.

"मावशी, हे काय करताय?" भोंगा म्हणाला. म्हणजे गोठ्यातल्या सगळ्यांनाच कळलं.

"मरतेय रे ती," मावशी म्हणाली. "जाता जाता बघू दे की."

पण तांबडी मेली नाही. औषधानं गुण दिला, दोन-तीन दिवसांत थरथरत उठली, आणि उठली ती हंबरतच. तोवर काळीनं कालवडीला चाटून चाटून आपली करून घेतली होती. तांबडी मधल्या आडव्या लाकडाशी येऊन उभी राहायची आणि काळीच्या कप्प्याकडे तोंड करून हंबरायची. गव्हाणीतला चारा तसाच. यंत्र लावलं की पान्हा चोरायची. भोंगा वैतागला. "चाटलं नसतं तर विसरली असती," तो म्हणाला. "तुम्हीच लावून दिलं हे." शेवटी मालकांनी सांगितलं की गाय अशानं हातची जाईल. रविवारी वासरू परत तांबडीला लावून बघा, काळीचं काळी बघेल. मावशी हो म्हणाली. पण कालवड काळीच्या पोटाखाली कशी जाऊन उभी राहते, हे ती रोज बघत होती.

रविवारी सकाळी ताई आणि लेक आल्या. भाड्याची गाडी करून आल्या होत्या. लेकीचे आता दिवस भरत आले होते. ती गाडीतून उतरली ती कमरेवर हात ठेवून. मावशीनं हात पुसले. या अवस्थेत एवढ्या लांब आल्यात म्हणजे बोलवायलाच आल्यात, दुसरं काय असणार. तिनं गोठ्यामागच्या आपल्या खोलीत खाटेवर धुतलेली चादर घातली, खिडकी उघडली, ताजं दूध घालून चहा केला. पेटीकडे तिची दोनदा नजर गेली.

ताई गाडीभाड्याबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, शेजारच्या बाईच्या सुनेबद्दल तर सविस्तर बोलली. चहा संपत आला. कपाकडे बघत मावशीनं शेवटी विचारलंच, "बाळंतपणाचं काय ठरवलंत?"

"ठरलं की," ताई म्हणाली. "एक बाई मिळालीय. बाळाला न्हाऊमाखू घालेल, रात्रीही थांबेल. चार घरी काम केलेली आहे. तुला कशाला उगाच त्रास? तुझी ही एवढी वासरं."

"हो ना," मावशी म्हणाली. "वासरं आहेत खरी."

तिनं कप गोळा केले आणि धुतलेलेच पुन्हा धुतले. ताईचा राग यावा असं तिला फार वाटत होतं, पण येत नव्हता. पोतं टाकून, कळायच्या आत, हेच तर ती स्वतः करत आली होती. ताईच्या जागी ती असती तर तिनंही चाटू दिलं नसतं.

खिडकीतून तांबडी हंबरली. एकदा, मग लगेच पुन्हा.

"मघापासून ही गाय का ओरडतेय गं, मावशी?" लेक म्हणाली आणि उठून बाहेर गेलीच. मग दोघी बहिणींनाही जावं लागलं.

गोठ्यात भोंगा बादल्या धूत होता. कुणी विचारायची वाट न बघता त्यानं सगळी कथा लेकीला सांगून टाकली, तीही अशा आवाजात की गाडीतल्या चालकालाही पाठ व्हावी. लेक लाकडाला टेकून ऐकत होती. एका बाजूला तांबडी, एका बाजूला काळी आणि काळीच्या कासेला ती कालवड.

"मग तिचं तिला देऊन टाक ना," लेक म्हणाली.

सहज म्हणाली. ताईनं लाकूड घट्ट धरलं आणि कुठेच पाहिलं नाही.

"द्यायला मी देईन गं," मावशी म्हणाली. "आज द्यायचंच आहे. पण गाईला फसवता येतं. मीठ लावलं, कोंडा लावला की ती घेते. वासराला काय लावणार?"

तिनं कालवडीला काळीपासून सोडवलं आणि तांबडीच्या कप्प्यात नेलं. तांबडी हंबरायची थांबली. तिनं कालवडीला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि अधाशासारखी चाटायला लागली. कालवड चारी पाय ताठ करून उभी राहिली. तांबडीची कास दुधानं तटतटली होती, पण तिकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. मान वळवून काळीच्या दिशेनं बारीक ओरडली. काळीनं पलीकडून उत्तर दिलं आणि लाकडावर छाती घातली. मावशीनं दोन बोटं कालवडीच्या तोंडात दिली आणि हात हळूच तांबडीच्या सडाकडे नेला. कालवडीनं बोटं चोखली, सड सोडून दिला आणि पुन्हा ओरडली.

मावशी सरळ झाली. मग तिनं दोन कप्प्यांमधलं आडवं लाकूड काढलं.

"मारामारी होईल, मावशी," भोंगा म्हणाला.

"होऊ दे. मी आहे इथे."

काळी मान खाली घालून आत आली. कालवड धावत तिच्या पोटाखाली शिरली आणि ढुशा देत प्यायला लागली. तांबडी मागून आली. काळीनं शिंग उगारलं, तांबडी दोन पावलं हटली, पण गेली नाही. पुन्हा आली, पुन्हा शिंग. तिसऱ्यांदा काळीनं नुसतं नाकातून फुस्स केलं आणि तोंड फिरवलं. तांबडीनं मान लांब केली आणि पिणाऱ्या कालवडीची पाठ चाटायला लागली. कालवडीला कोण चाटतंय याचं काहीच पडलेलं नव्हतं. तिची शेपटी काळीच्या दुधापायी हलत होती. बऱ्याच वेळानं तांबडीनं गव्हाणीत तोंड घातलं आणि चारा खाल्ला.

"दूध तिचं प्यायलं नाही, तरी तिला चालतंय?" लेकीनं विचारलं.

"चालतंय," मावशी म्हणाली. "तेवढ्यावर भागतं तिचं."

ती लाकूड भिंतीला नीट लावत बसली. तिला तांबडीचा हेवा वाटत होता. गाईचा हेवा करायचं हे वय आहे का, असं स्वतःला बजावूनही वाटत होता.

ताई गाडीकडे निघून गेली. लेकीला उभं राहून घाम फुटला होता. ती पालथ्या बादलीवर बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मावशी पुढे झाली. खांद्यावरचा पंचा काढला आणि हातातच धरून उभी राहिली. त्याला वासरांचा वास होता, दुधाचा, पेंढ्याचा. मग तिनं तो लेकीच्या कपाळावरून फिरवला.

"वास येत असेल गं," ती म्हणाली. "वासरांचा आहे हा."

"येऊ दे," लेक डोळे न उघडता म्हणाली आणि डोकं थोडं पुढे केलं.

मावशीनं कपाळ पुसलं, कानामागे पुसलं, मानेवरचे केस उचलून तिथे पुसलं. घाम केव्हाच टिपला गेला होता. तिचा हात थांबत नव्हता, आणि थांब असं कुणी म्हणतही नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं या पोरीला हात लावला असेल तो फळांची पिशवी घेताना.

"उशीर होतोय गं," बाहेरून ताईची हाक आली.

"येते, आई," लेक म्हणाली, आणि हलली नाही.

थोड्या वेळानं ताई स्वतःच बोलवायला आली. गोठ्याच्या दारात तिची पावलं थांबली. मावशीला ते दिसलं. तिचा हात तसाच पंच्यासकट हवेत राहिला, चोरी सापडल्यासारखा. ताईनं तिच्याकडे पाहिलं, लेकीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, पलीकडे त्या दोन गाईंकडेही पाहिलं. मग वळली आणि गाडीत जाऊन बसली. पुन्हा हाक मारली नाही.

निघताना लेक मागच्या सीटवर टेकली आणि मावशीनं बाहेरून दार लावलं. ताईनं पुढची काच खाली केली.

"त्या बाईला मी नको म्हणून कळवते," ती समोर बघत म्हणाली. "तूच ये."

मावशीला हे ऐकायचं होतं म्हणून किती महिने ती कान देऊन बसली होती, आणि आता तिला नीट ऐकू आलं की नाही याचीच खात्री वाटेना. ती गुडघ्यावरचे डाग हातानं झटकत राहिली.

"किती दिवस येऊ?" तिनं विचारलं.

"राहा की," ताई म्हणाली, "थोडे दिवस."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"काय झालं?" मागून लेकीनं विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "थोडेच दिवस म्हणतेय ती."